तिसऱ्या प्रयत्नाचा विषय सध्या बाजूला ठेवा

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीला बारावीला ८८ टक्के. लातूरला खोली घेऊन, क्लास लावून नीटचे दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा सरकारी कॉलेजसाठी मार्क कमी पडले. आता ती म्हणते, मला मानसशास्त्र शिकायचंय, मानसोपचारांवर संशोधन करायचंय. तुमचं म्हणणं, ‘नुसतं बोलून आजार बरा होतो याला पुरावा काय? त्यातच जायचं असेल तर आधी एमबीबीएस हो.’ तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला तयार कसं करायचं, हे तुम्ही मला विचारलंय.

मी मात्र पत्राच्या मध्यावरच्या दोन ओळींपाशी थांबले. ‘दोन महिने झाले, धड जेवत नाही, रात्रभर जागी असते, मैत्रिणींचे फोनसुद्धा घेत नाही. अभ्यास टाळायची नाटकं चालली आहेत.’

यांना नाटकं म्हणू नका. झोप, भूक आणि माणसांतला रस सलग दोन आठवडे हरवला, तरी डॉक्टर नैराश्याची शक्यता तपासतात. इथे दोन महिने उलटलेत. तिला नैराश्य आहेच, असं मी पत्रावरून सांगणार नाही. ते समोर बसवून, तपासूनच ठरतं. पण तुम्ही तपासायला नेलेलं नाही आणि कारण स्वतःच लिहिलंय: ‘चार लोकांत कळलं तर काय?’ ज्या घरात पोरीच्या झोपेपेक्षा चार लोक मोठे होतात, त्या घरात ती खरं काही सांगणार नाही. तुम्ही कर्ज काढून क्लासची फी भरलीत, ते मायेपोटीच. पण रोज जेवताना त्या कर्जाचा आकडा ऐकवला जात असेल, तर तिच्या घशाखाली घास उतरणार कसा?

या आठवड्यात एवढंच करा. मार्क, फी, फॉर्म यातलं काहीही न काढता तिच्याजवळ बसा आणि ऐका. जीव नकोसा होतो का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे सरळ विचारा. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आता पुराव्याचं. तुमचा प्रश्न चुकीचा नाही. १९५२ मध्ये हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न जाहीरपणे विचारला आणि क्षेत्रात खळबळ उडाली. पण उत्तर शोधलंच गेलं नाही, हा तुमचा समज चुकीचा आहे. गोळीची चाचणी होते तशी बोलण्याच्या उपचारांचीही होते. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर अशी चाचणी घेतली. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं योगायोगाने ठरलं. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला ते उपचार आणि शिवाय समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. बैठकांत उपदेश नव्हता. सुटलेली कामं, तुटलेल्या गाठीभेटी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या, त्याने मनावर काय फरक पडतो ते पाहायचं आणि पुढचं पाऊल ठरवायचं. तीन महिन्यांनी मोजणी करणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं, हे माहीत नव्हतं. बैठका झालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या लक्षणांतून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. यावरून औषधं नकोत असा अर्थ काढू नका. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ती लागतातच. आणि उरलेल्या ३६ टक्क्यांचं काय? त्यांना का गुण आला नाही, उपचारातला कुठला भाग खरं काम करतो, गावपातळीवर तो कसा पोचवायचा? तुमच्या लेकीला ज्यावर काम करायचंय ते हेच.

आणि त्यासाठी एमबीबीएस लागत नाही. अशा संशोधनात मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यातले लोक, संख्याशास्त्रज्ञ खांद्याला खांदा लावून असतात. तिला डॉक्टर व्हायचंच नसेल, तर साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि तीन वर्षं एमडी हा वळसा कशासाठी? तुमच्या पत्रात मला याचं एकच उत्तर सापडलं: नावापुढे ‘डॉक्टर’ लागायला हवं. ती हौस तुमची आहे.

वाट सांगायची तर मानसशास्त्रात पदवी, मग एमए, मग पीएचडी. रुग्णांवर उपचारही करायचे असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवरच्या उपचारांचं, प्रशिक्षण. या प्रशिक्षणाच्या एम.फिल.चे नियम बदलत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वेळी मान्यता स्वतः तपासा.

लेकीलाही दोन गोष्टी सांगायच्यात, हे पत्र तिला वाचायला द्या. या विषयात संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, बेताच्या पगाराच्या असतात. दुसरं, स्वतः त्रास सोसला म्हणून अनेकजण मानसशास्त्राकडे वळतात, त्यात गैर काही नाही. पण बाळा, पदवीच्या अभ्यासाने आपला त्रास बरा होत नाही. त्यासाठी मदत वेगळी घ्यायची आणि ती आधी घ्यायची.

नीटचा तिसरा प्रयत्न असो की मानसशास्त्राचा प्रवेश, तिला झोप लागू लागेपर्यंत कुठलाच निर्णय घेऊ नका. त्यात एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. पुढचं पत्र मात्र तिने स्वतः लिहावं, तुम्ही न वाचता ते पेटीत टाकावं. कुठल्या कॉलेजात काय आहे, ते मी तिलाच सविस्तर कळवेन.