उपचार सुरू झाले, म्हणून विचारायचे थांबू नका

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील शेतकरी. जळगावला शिकणारा माझा एकोणीस वर्षांचा भाऊ तीन आठवड्यांपूर्वी आपणहून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू आहेत आणि सध्या तो घरी आहे. आप्पा म्हणतात, डॉक्टर बघत आहेत, तू विषय काढून त्याच्या डोक्यात भलते भरवू नकोस. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून आईने फाइल धान्याच्या कोठीत ठेवली आहे. परवा त्याने आपले आवडते घड्याळ चुलतभावाला देऊन टाकले. त्याला विचारावे का? पोलिसांचे झंझट तर होणार नाही ना? – एक बहीण

उत्तर : ताई, विचारा, आणि आजच विचारा. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, हा आप्पांचा समज बरोबर नाही. बहुतेकदा मुलाला बोलायला वाट मिळते. तो एकटा असताना, शांतपणे, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आले, तर शपथा घालू नका, आईच्या अश्रूंची आठवण देऊ नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. काही ठरवले आहे, असे त्याच्या बोलण्यातून कळले, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. ‘टेलि-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते.

आवडीची वस्तू अशी देऊन टाकणे कधी कधी निरोपाची खूण असते, म्हणून ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. या गोळ्यांचा गुण यायला अनेक आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलताना जीव देण्याचे विचार वाढू शकतात. झोप उडाली, तगमग वाढली, तर लगेच कळवा. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका.

आता खान्देशातल्या घराघरांत असणारी गोष्ट. कापूस-केळीवरचे फवारणीचे औषध ओसरीत किंवा माळ्यावर पडलेले असते, त्याचे कुणाला काही वाटत नाही. ते आजच घरातून हलवा आणि कुलपात ठेवून किल्ली आप्पांनी स्वतःजवळ बाळगावी. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसले, तर माणूस वाचू शकतो. गोळ्यांची पाकिटे तुम्ही सांभाळा आणि रोज लागेल तेवढीच मात्रा हातात द्या.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणे, ही मला सर्वांत घातक चूक वाटते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी ठरते. विचार मनात येणे हा तर मुळीच गुन्हा नाही.

आणि ती फाइल कोठीतून काढून हाताशी ठेवा. रात्री-अपरात्री निघावे लागले, तर कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे, हे समोरच्या नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळेल.