फोर्टविन बहिणीला लागू पडलं, भावाला नाही: असं होतं का?

ताई, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर फोर्टविनने तुम्हाला चांगला आराम पडला, पण पाय मोडलेल्या तुमच्या भावाला त्याच इंजेक्शनने ढिम्म फरक पडला नाही. हे बाई-पुरुष असण्यामुळे का, असं तुम्ही विचारलंय. भूल देण्याच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हा दोघांवरून काही सिद्ध होत नाही. मोडलेलं हाड आणि दुर्बिणीतून काढलेलं पित्ताशय, दोन्हींच्या दुखण्यात जमीन-अस्मानाचं अंतर. पण नेमकं फोर्टविनचं नाव आलं म्हणून मी सरसावलो, कारण या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट याच कुळातल्या औषधांची आहे.

फोर्टविन म्हणजे पेन्टाझोसिन, एक अफूवर्गीय वेदनाशामक. अशी औषधं मज्जापेशींवरच्या ठरावीक जागांना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटून काम करतात. मॉर्फिन आणि फेन्टानिल मुख्यतः 'म्यू' रिसेप्टरवर काम करतात. पेन्टाझोसिन, ब्युटॉर्फनॉल आणि नॅल्ब्युफिन यांचा भर 'कॅपा' रिसेप्टरवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट गिअर, जॉन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना ही कॅपा औषधं देऊन पाहिली. बायकांना पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त आराम मिळाला. खरी गंमत याच गटाच्या १९९९ मधल्या प्रयोगात झाली. ५ मिलिग्रॅम नॅल्ब्युफिन घेतलेल्या पुरुषांचं दुखणं, औषधच नसलेलं इंजेक्शन घेतलेल्या पुरुषांपेक्षाही वाढलं. वेदनाशामकाने वेदना वाढवली! पुढे २००३ मध्ये वेदनेवर संशोधन करणाऱ्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की बायकांमधल्या या परिणामात एमसी१आर नावाच्या जनुकाचा हात आहे, तोच जो लाल केस आणि गोरी कातडी देतो. (आपल्याकडे लाल केस मेंदीचेच, तेव्हा घरगुती निदानाला याचा उपयोग नाही.)

आपल्याकडे हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिनचे परवाने आणि नोंदी इतक्या किचकट झाल्या की अनेक लहान हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम थोडे सैलावले, तरी मधल्या काळात फोर्टविनवर हात बसला तो बसलाच. बाई असो वा बुवा, एकच अँप्यूल.

मॉर्फिनचं चित्र मात्र गढूळ आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या २००० सालच्या प्रयोगात निरोगी बायकांमध्ये मॉर्फिन जास्त प्रभावी ठरलं, पण चढायलाही हळू आणि उतरायलाही. रक्तातली पातळी दोघांची सारखीच, म्हणजे फरक मेंदूच्या बाजूला. उलट २००३ मध्ये सुमारे ७०० रुग्णांच्या पाहणीत ऑपरेशननंतर लगेचच्या काळात बायकांना वजनाच्या हिशेबाने ३० टक्के जास्त मॉर्फिन लागलं. म्यू औषधांवरचे २५ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये पाहिलं, तर एकूणात फरक दिसला नाही. रुग्णाने स्वतः बटण दाबून मॉर्फिन घ्यायचा पंप असेल तिथेच बायकांच्या बाजूने झुकाव दिसला. मला यातही खोट दिसते. बाई बटण कमी वेळा दाबते ते दुखत नाही म्हणून की मळमळतंय म्हणून, हे पंप सांगत नाही. उंदीर-घुशींवरच्या बऱ्याच प्रयोगांत तर नरांना मॉर्फिन जास्त लागू पडतं, आणि वर्षानुवर्षं प्रयोग बहुतेक नरांवरच झाले.

मळमळ-उलटीच्या बाबतीत मात्र वाद नाही. ऑपरेशननंतर उलट्या होण्याच्या चार ठळक कारणांत पहिलं स्त्री असणं. मग धूम्रपान न करणं, आधी असा त्रास झालेला असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय औषध मिळणं. एसटीत बसलं की उलटी होत असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. उलटीचं औषध आधीच देता येतं. डोस मात्र बाई-पुरुष बघून कोणी ठरवत नाही, ठरवूही नये. थोडं द्यायचं, दहापैकी किती दुखतंय विचारायचं, मग पुढचं.

भावाच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. पेन्टाझोसिन मॉर्फिनच्या रिसेप्टरवर बसून त्याचा परिणाम काही प्रमाणात उलटवू शकतं. अपघात विभागात आधी मॉर्फिन देऊन वॉर्डात वर फोर्टविन टोचलं असेल, तर पुरुष असण्यापेक्षा हेच कारण जास्त संभवतं. डिस्चार्ज कार्डासोबत औषधांच्या नोंदीचा कागद मिळाला असेल, तर दोन्ही इंजेक्शनांच्या वेळा बघून इथे लिहा.