खडताल शिकायला घेताय? मग एवढंच सांभाळा

आधी चिपळ्या डोक्यातून काढा. थरच्या वाळवंटातल्या मांगणियारांच्या (पिढीजात गायक-वादकांचा समाज) खडतालीला झांजा नसतात. शिसवीच्या चार साध्या पट्ट्या, प्रत्येक हातात दोन. एक अंगठ्याशी, दुसरी बोटांकडे. इथेच नवशिके फसतात. पट्ट्या पडतील या भीतीने मूठ आवळतात, मग लाकूड मोकळं वाजत नाही, नुसतं ठकठक करतं. पकड सैल ठेवा. सुरुवातीला पट्ट्या पडणारच, पडू द्या. (खाली सतरंजी घाला, शेजारी सुखी.)

सुरुवातीचे काही आठवडे:
- एकाच हाताने, संथ केरवा ताल, आठ मात्रा. दुसरा हात नंतर.
- जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. दुखलं की थांबा.
- हात उंच उडवणं, गिरक्या, भन्नाट वेग हे सगळं पुढे. व्हिडिओत तेच दिसतं म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि लय हातची जाते.

आणि ऐका, भरपूर ऐका. जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवतात, तिकडचाच दुसरा गायक-वादक समाज लंगा सिंधी सारंगी; दोन्हींचा आवाज ओळखता यायला हवा. साकर खान यांच्या कमायच्यापासून सुरुवात करा. त्यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली होती. या समाजांची गाणी त्यांना आश्रय देणाऱ्या यजमानांच्या घरच्या जन्म-लग्नाची, म्हणून गायकाच्या शब्दांवर कुरघोडी करू नका. जमलं तर शरद पौर्णिमेच्या सुमारास जोधपूरच्या मेहरानगडावरचा लोकसंगीत महोत्सव गाठा, आणि पुढे बसून वादकाचे अंगठे बघा.

कालबेलिया नाचाला (राजस्थानचा लोकनाच) खडतालीची साथ करायचं तुम्ही विचारलंत. त्याचं नंतर बोलू, आधी केरवा न अडखळता येऊ दे.