सेव्ह होताना वीज गेली, क्रिताची फाइल उघडत नाही: आधी कंट्रोल-एसपासून हात लांब ठेवा

तुम्ही लिहिलंय की क्रितामध्ये, म्हणजे चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह चालू असतानाच वीज गेली, आता फाइल उघडायला गेलं की एरर येते आणि दोन आठवड्यांचं काम आत अडकलंय. वाचताना पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी मी अगदी इथेच होते. फाइल बिघडली तेव्हाही माझं चित्र वाचवता येण्यासारखं होतं, ते पुढच्या पाच मिनिटांत माझ्याच हातून गेलं. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पावसातल्या बाजाराचं चित्र होतं, ६२ लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे वेगवेगळे थर). मी बाहेरच्या हार्ड डिस्कवरच थेट काम करायचे आणि ती डिस्क खराब व्हायला लागली होती. सकाळी फाइल उघडली, कसलीशी सूचना आली, ती न वाचताच मी ओके केलं. चित्र उघडलं. लेअरच्या यादीत नावं जागच्या जागी होती: छत्र्या, ओला रस्ता, कंदिलाचा उजेड. पण प्रत्येक नावाशेजारच्या चौकोनात नुसती करडी-पांढरी चौकटींची जाळी. कॅनव्हासवर पार्श्वभूमी आणि कोपऱ्यातलं कच्चं रेखाटन, बाकी काही नाही. मला वाटलं, दिसण्यात काहीतरी घोळ झालाय, सेव्ह करून पुन्हा उघडलं की येईल. आणि कंट्रोल-एस दाबलं.

त्याचा अर्थ नंतर कळला. क्रिता प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीच्या फाइलची एक प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवते, नावाच्या शेवटी ~ हे चिन्ह लावून. सेटिंग बदललेलं नसेल तर अशी एकच प्रत असते. आदल्या रात्री मी दर पंधरा-वीस मिनिटांनी सेव्ह करत होते. म्हणजे जेमतेम वीस मिनिटं जुनं चित्र तिथेच शेजारी पडलेलं होतं. मी सेव्ह केल्याबरोबर त्या प्रतीच्या जागी बिघडलेली फाइल गेली आणि मूळ फाइलच्या जागी रिकामे लेअर. त्या वेळी कुणी फक्त "सेव्ह करू नकोस" एवढं सांगितलं असतं, तरी चित्र हातात असतं.

तेव्हा आत्ता क्रिता बंद करा. लपलेल्या फाइली दिसतील असं करा आणि सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पुढचं सगळं त्या कॉपीवर. मूळ फोल्डर तसाच राहू द्या.

कॉपीमध्ये आधी ~ वाली फाइल शोधा. तिच्या शेवटचं चिन्ह काढून तिला नवं नाव द्या आणि उघडा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. मग ऑटोसेव्ह, म्हणजे काम चालू असताना क्रिता आपोआप ठेवते ती प्रत. त्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं आणि त्यात ऑटोसेव्ह हा शब्द असतो. एकदाही सेव्ह न केलेलं चित्र असेल, तर विंडोजवर ती टेम्प फोल्डरमध्ये सापडते. इथे एक धोका आहे: फाइल उघडताना क्रिता विचारते की ऑटोसेव्ह उघडू का. नको म्हणालात तर ती ऑटोसेव्ह पुसली जाते. आधी तिची कॉपी काढा, मग काय ते उत्तर द्या.

दोन्ही नसतील तर बिघडलेल्या फाइलकडे वळा. क्रिताची केआरए फाइल म्हणजे आतून झिप असते, अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं. कॉपीचं एक्स्टेन्शन (नावातलं शेवटच्या टिंबानंतरचं) झिप करा आणि सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडून पाहा. आत मर्जडइमेज नावाची पीएनजी असते, ती पूर्ण आकाराची, सगळे लेअर एकत्र केलेली. प्रिव्ह्यू नावाची दुसरी असते ती अगदी छोटी, तिला भुलू नका. लेअर्सच्या फोल्डरमध्ये प्रत्येक लेअरची वेगळी फाइल असते, त्यामुळे एक-दोन सडल्या तरी बाकीच्या चांगल्या असू शकतात. झिप उघडलीच नाही, तरी लगेच हाय खाऊ नका. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. शेपूट तुटलं की आतला माल शाबूत असूनही सॉफ्टवेअर म्हणतं, ही झिपच नाही. लिनक्स किंवा मॅकवर झिप या कमांडचा दोन एफवाला (-FF) पर्याय अशी फाइल चाळून काढतो (मर्जडइमेज मात्र अशा वेळी हाती लागेलच असं नाही). पुन्हा झिप करताना आतल्या वस्तू निवडून झिप करा. बाहेरचा फोल्डर धरून केलीत तर क्रिता ती ओळखणार नाही.

फाइल हेक्स एडिटरमध्येही (फाइलमधला कच्चा मजकूर आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) एकदा बघाच. सुरुवातीला पीके ही दोन अक्षरं दिसली तर आशा आहे. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं दिसली, तर वीज गेली तेव्हा फाइलचा आकार नोंदला गेला, पण मजकूर डिस्कवर पोचलाच नाही. अशा फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. "कुठलीही फाइल दुरुस्त करू" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, हे माझं ठाम मत आहे.

मी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्यांकडेही दिली होती. त्यांनी फोटो आणि कागदपत्रं काढून दिली आणि सापडलेल्या सगळ्या झिप "निरुपयोगी" म्हणून टाकून दिल्या. केआरए म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. त्या झिपांमध्ये माझं चित्र असेल का, हा विचार आजही येतो. तुमच्यावर ती वेळ आली तर लिहूनच द्या: एकही झिप टाकू नका. फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर स्वतः चालवलंत तरी सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. एसएसडी असेल तर या वाटेने फार अपेक्षा धरू नका, ट्रिममुळे (एसएसडीवर पुसलेली जागा आपोआप साफ होते ती सोय) पुसलेला मजकूर सहसा परत मिळत नाही.

फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडलेला असेल तर वेबसाइटवर जाऊन त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या बघा. त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. क्लिप स्टुडिओ हे दुसरं चित्रांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याचा स्वतःचा बॅकअप फोल्डर उघडावा, फाइल उघडताना आणि सेव्ह करताना तिथे वेगळ्या प्रती पडतात.

मी संगणकातली तज्ज्ञ नाही, चित्रं काढते, आणि आवृत्तीनुसार थोडाफार फरक असेल. क्रिताच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली फाइल हँडलिंग आहे, तिथे प्रतींचा आकडा मी १० केलाय.

फोल्डरमध्ये ~ वाली फाइल दिसतेय का? तिचा आकार आणि वेळ इथे लिहा. आणि ती उघडण्याआधी कॉपी झालीय ना, तेवढं बघा.