खोडाखोडीतून चारशे वर्षं

प्रश्न : मुलगी-जावई विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला असतात. दोघं ग्रीन कार्डवर, म्हणजे मत नाही. तरी फोनवर सारखं गव्हर्नरच्या निवडणुकीचंच चाललेलं असतं. ट्रम्प तर उभे नाहीत. मग गव्हर्नर कोण होतो याचं तिला एवढं काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : काकू, आपले राजभवनातले राज्यपाल डोळ्यांसमोर आणू नका. तिथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला, कारभार आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. ३ नोव्हेंबर २०२६ला ३६ राज्यांत ही निवडणूक आहे. ट्रम्प उभे नसले तरी त्यांच्यावरचा राग-लोभ मतांत उतरतोच. विस्कॉन्सिनमध्ये १९९४ ते २०१८ दरवेळी अध्यक्षांच्या विरोधी पक्षाचाच गव्हर्नर निवडून आला. २०२२मध्ये ते मोडलं.

लेकीनं घर घेतलं असेल, तर तिला मालमत्ता कराचं बिल काढायला सांगा. त्यातला मोठा वाटा शाळांचा. २०२३मध्ये विधिमंडळानं शाळांना दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलर जादा उभे करायची मुभा दिली, ती २०२४-२५पर्यंतच. पण तिथल्या गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातला नको तो मजकूर खोडून उरलेल्यावर सही करता येते. सध्याचे गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी काही शब्द खोडले, शिवाय ‘२०२४-२५’मधलं पहिलं ‘२०’ आणि मधली आडवी रेघ. उरलं २४२५, म्हणजे मुभा थेट त्या सालापर्यंत! अक्षरं खोडून नवा शब्द बनवायला १९९०च्या घटनादुरुस्तीनं बंदी आहे, आकड्यांबद्दल त्यात चकार शब्द नाही. २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी ही खोडाखोड मान्य केली. एव्हर्स मूळचे शिक्षक, हेतू चांगलाच असणार. तरी मला विचाराल तर हा चावटपणाच.

ते २०१८मध्ये निवडून आले, तीही गंमतच. तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर सुमारे २९ हजार मतांनी पडले, फरक एक टक्क्याच्या जरासा वर. एक टक्क्याच्या आत असेल तरच फेरमोजणी मागता येईल, या कायद्यावर आदल्याच वर्षी सही कोणाची? वॉकर यांचीच!

एव्हर्स आता उभे नाहीत, त्यामुळे खुर्ची मोकळी आहे. मात्र ते २४२५ नव्या गव्हर्नरला एकट्यानं पुसता यायचं नाही, विधिमंडळानं कायदा बदलावा लागेल. असेंब्लीच्या, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सगळ्या ९९ जागांचं मतदानही त्याच दिवशी आहे. लेकीला म्हणावं, तिकडंही लक्ष ठेव.