तीन महिन्यांच्या बाळाला गुटीत वेखंड उगाळून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बाळ तीन महिन्यांचं आहे, सासूबाई रोज आंघोळीनंतर बाळगुटी देतात आणि त्यात वेखंडाचे दोन वळसे असतात. दोन दिवसांपासून गुटीनंतर बाळ उलटी करतंय. घरात सगळे म्हणतात, कफ पडतोय, चांगलंच आहे. तर वेखंड बंद करावं का?

करा, आजच. आणि पुढचं वाचण्याआधी बाळाकडे बघा. उलटीचा रंग हिरवा असेल, बाळ मलूल वाटत असेल, दूध ओढत नसेल, लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होत असतील किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर माझं उत्तर राहू द्या आणि लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. यातलं काही नसलं आणि उलट्या थांबत नसल्या, तरी आज दाखवून घ्या. जाताना गुटीची डबी बरोबर न्या. 'आम्ही गुटी देतो' हे सांगायला बायका डॉक्टरांसमोर लाजतात, तसं करू नका.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि आता नातवंडांची आजी आहे. 'कफ पडला' हे वाक्य मात्र मी माझ्याच घरात ऐकलेलं आहे. थोरला चार महिन्यांचा असताना आमची जुनी सहाण फुटली आणि नवी आणली. वळसे नेहमीचे दोनच, पण नव्या खरखरीत दगडावर वेखंड भराभर झिजलं. मुलाला तीन उलट्या झाल्या. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "बघ, छाती मोकळी झाली." मलाही ते पटलं होतं!

पुढे कितीतरी वर्षांनी आयुर्वेदिक औषधिकोशात 'वचा' उघडून बसले, तेव्हा उलगडा झाला. वचा म्हणजे आपलं वेखंड. तिथे चूर्णाची मोठ्या माणसाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिलेली आहे, म्हणजे चिमूटभरही नाही. आणि १ ते २ ग्रॅम कशासाठी, तर उलटी करवण्यासाठी. वामक म्हणून वेखंड आयुर्वेदाला पूर्वीपासून माहीत आहे. शिवाय वापरण्याआधी त्याचं शोधन करायला सांगितलंय, गोमूत्रात वगैरे उकळून. आपण काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली कांडी तशीच सहाणेवर घासतो. म्हणजे बाळाला झालेली उलटी बहुधा त्या औषधाच्या अंगच्या गुणानंच झालेली असते. त्यात छातीतला कफ बाहेर येत नाही, पोटातलं दूध येतं.

वळसा हे मापही नव्हे. सहाण नवी की गुळगुळीत, कांडी ताजी की जुनी, हात कुणाचा, यावर सगळं बदलतं. आजीचा हात हलका असायचा म्हणून आजीच्या काळी निभावलं, एवढंच.

दुसरा मुद्दा बीटा-असारोन या घटकाचा. वेखंडाचा तो उग्र वास ज्या तेलामुळे येतो, त्यातच हा असतो. उत्तर अमेरिकेत उगवणाऱ्या वेखंडाच्या जातीत तो जवळजवळ नसतो, युरोपातल्यात थोडा, आणि आपल्याकडच्या वेखंडात भरपूर. जम्मूकडच्या वेखंडाचं तेल दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि १९६८ साली अमेरिकेनं खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. प्रयोगातली मात्रा मोठी होती. गुटी घेतलेल्या माणसांना कर्करोग होतो असं यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे तुम्हाला लहानपणी गुटी दिली असेल तर घाबरू नका. पण बोलताही न येणाऱ्या जिवाला रोज द्यायला मला हे पुरेसं विरोधी कारण वाटतं.

'बाळवेखंड सौम्य असतं, ते द्या' असंही कोणी सांगेल. त्या नावाखाली दुकानांत एकाच झाडाचं मूळ मिळत नाही, तेव्हा नावावर जाऊ नका.

वेखंडानं वाचा लवकर फुटते हा आपला लाडका समज. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला मधात उगाळलेलं वेखंड लावतात. पुढेमागे तशी वेळ आली तर आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसलं तर मूल बोलणार कसं? त्यात दोन-दोन वर्षं वेखंड घासण्यात गेलेली मी पाहिली आहेत. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. तुमच्या गुटीत मध असेल तर तोही आजच बंद.

गुटीत जायफळ असेलच. 'गुटी दिली की बाळ कसं छान झोपतं' त्याचं श्रेय बरेचदा त्यालाच जातं आणि तेही गुंगीचंच. खरं तर सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. मग हिरडा, मुरडशेंग, काकडशिंगी हे सगळं कशाला?

सासूबाईंना कसं सांगायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. 'तुमचं चुकलं' म्हणू नका. माझ्या सुनेनं मला सांगितलं, "आई, डॉक्टरांनी सहा महिने पोटात काही द्यायला मनाई केलीय, मालिश मात्र तुम्हीच करा." मी मुकाट्यानं तेलाची वाटी उचलली. वेखंडाची पूड अंगाला चोळायचा किंवा टाळूवर दाबायचा आग्रह झाला तर तोही टाळा. पूड नाकात जाते आणि कोवळी कातडी चुरचुरते. धुरीही नको.

घरातली कांडी फेकू नका. लोकरी कपड्यांत किंवा पुस्तकांच्या कपाटात पुरचुंडी करून ठेवा. माझ्या कपाटात अजून कसर शिरलेली नाही.