आलं, साखर आणि पाण्याचा थेंब: सेंगगांग-छाविषयी वाचकांचे प्रश्न

कोरियन भाषेत सेंगगांग म्हणजे आलं आणि छा म्हणजे चहा. कोरियातल्या घरांत थंडीच्या तोंडावर आल्याची बरणी भरून ठेवतात आणि लागेल तसा चमचाभर गरम पाण्यात घालून पितात. हा चहा घरी करून पाहणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची अडचण दोनच ठिकाणी झालेली दिसते: आल्यातलं पिष्ट आणि बरणीत राहिलेलं पाणी.

प्रश्न: यात चहाची पत्ती नसते म्हणतात. मग हा आल्याचा काढाच झाला ना? आणि ‘छॉंग’ हा काय प्रकार आहे?

पत्ती नसते, हे बरोबर. कोरियात फळं, मुळं, धान्य यांपासून केलेल्या गरम पेयालाही ‘छा’च म्हणतात. आल्याचा छा दोन तऱ्हांनी होतो. एकात आलं पाण्यात मंद आचेवर उकळतात आणि गाळून मध घालतात. याला काढा म्हणायला हरकत नाही. साधारण 50 ग्रॅम आल्याच्या चकत्या, एक लिटर पाणी, उकळी आल्यावर झाकण ठेवून 25 ते 30 मिनिटं, एवढं पुरतं. झाकण मात्र विसरू नका. आल्याचा वास ज्या तेलांमुळे येतो ती वाफेबरोबर उडून जातात. उघड्या भांड्यात खळखळ उकळलेल्या पाण्यात तिखटपणा राहतो आणि सुगंध जातो.

दुसरी तऱ्हा छॉंगची. छॉंग म्हणजे साखरेत मुरवलेला अर्क. सम वजनाचं आलं आणि साखर बरणीत भरली की साखर आल्यातलं पाणी ओढून घेते आणि त्या पाण्यातच विरघळते. या पाकात कच्च्या आल्याचा वास जसाच्या तसा उतरतो, तो उकळून मिळत नाही.

प्रश्न: छॉंगचं नेमकं प्रमाण आणि कृती सांगाल का?

साफ केलेलं आलं 500 ग्रॅम, साखर 500 ग्रॅम. वजन साल काढल्यावरचं धरायचं, म्हणून विकत घेताना 600 ग्रॅमच्या आसपास घ्या. एक लिटरची काचेची बरणी बरोबर होते.

आलं अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग बोटं मोडल्यासारखे त्याचे फाटे वेगळे करा. माती नेमकी त्या बेचक्यांत अडकलेली असते. साल चमच्याच्या कडेने खरवडली की पातळ निघते. सुरीने काढायला गेलात तर सालीलगतचा सगळ्यात वासाचा भाग कचऱ्यात जातो. चकत्या दोन मिलिमीटरच्या करा. याहून जाड झाल्या तर मधला भाग कोरडाच राहतो. धाग्यांना आडवं कापा, म्हणजे खाताना दातांत चोथा येत नाही.

चकत्या गार पाण्यात घालून हाताने हलवा. पाणी लगेच दुधाळ होईल. ते ओतून द्या आणि पाणी जवळपास नितळ दिसेपर्यंत दोन-तीनदा हेच करा. त्याने वरवरचं पिष्ट निघून जातं. पुढची पायरी बरेच जण उरकून टाकतात, आणि खरी कसोटी तिथेच आहे. चकत्या चाळणीत अर्धा तास निथळू द्या, मग कोरड्या फडक्यावर एकेरी पसरून वरूनही टिपून घ्या. बोट लावल्यावर ओल लागता कामा नये.

बरणी गार पाणी घातलेल्या पातेल्यात उपडी ठेवून पाण्यासकट गरम करा आणि उकळी आल्यावर पाच मिनिटं वाफ लागू द्या. थंड काच एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर तडकते. बाहेर काढून उलथी न ठेवता तोंड वर करून ठेवा, काच गरम असतानाच आतली ओल उडून जाते.

पाऊण साखर आणि सगळ्या चकत्या परातीत हलक्या हाताने कालवून बरणीत भरा, उरलेली साखर वर जाड थरात पसरा. हा थर झाकणासारखं काम करतो, कारण हवेला उघडी पडलेली चकती आधी बुरसते. एक-दोन दिवस बाहेर ठेवा. तळाला बसलेली साखर कोरड्या चमच्याने रोज एकदा हलवून वर आणा. साखर पूर्ण विरघळली की बरणी फ्रिजमध्ये ठेवा. दोन आठवड्यांनी चव बसते. पेल्याला 200 मिलिलिटर पाण्यात पाकाचे दोन मोठे चमचे आणि तीन-चार चकत्या घ्या. पाणी उकळून दोन मिनिटं थांबलेलं असावं.

प्रश्न: आठ दिवसांत बरणीत बुडबुडे आले आणि झाकण उघडताना फस्स आवाज झाला. गोड कमी हवं म्हणून साखर निम्मीच घातली होती. आता काय करावं?

आंबायला लागलं आहे. सम वजनाची साखर फक्त गोडीसाठी नसते. पाणी साखरेने बांधलं गेलं की यीस्टला वाढायला ते मिळत नाही. साखर निम्मी केली की पाणी मोकळं राहतं. साखर पुरेशी असूनही चकत्या ओल्या भरल्या किंवा ओला चमचा घातला, तरी परिणाम तोच.

वर कापसासारखी बुरशी, काळे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास असेल तर बरणी संपूर्ण टाकून द्या, वरचा थर काढून भागत नाही. नुसते बुडबुडे असतील आणि वास आल्याचाच असेल तर लगेच सगळं पातेल्यात ओता, कमी घातलेली साखर पुरी करा, दहा मिनिटं उकळा, उकळवून घेतलेल्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.

गोड कमी हवं असेल तर बरणीत कमी करू नका, पेल्यात करा. एक चमचा छॉंग घ्या आणि पाण्याऐवजी आल्याच्या उकळलेल्या बिनसाखरेच्या पाण्यात मिसळा. मधुमेह असेल तर छॉंगच्या वाटेला न जाता आल्याचं उकळलेलं बिनसाखरेचं पाणीच प्यावं, कारण छॉंगचा निम्मा भाग साखरच असते.

प्रश्न: साखरेऐवजी नुसता मध चालेल का?

चालतो, पण मधात आधीच पाणी असतं आणि त्यात आल्याचं भर घालतं, त्यामुळे पाक पातळ होतो आणि लवकर आंबतो. निम्मी साखर, निम्मा मध घ्या आणि बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाला मध असलेलं काहीही देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असलेल्यांनी रोज प्यायचं ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न: मिक्सरमधून रस काढून साखरेबरोबर आटवला. अर्ध्या तासात खळीसारखा घट्ट झाला, तळाला लागला आणि पेल्यात घातल्यावर गोळेच राहिले. कुठे चुकलं?

‘खळीसारखा’ हा शब्द अगदी बरोबर वापरलात, कारण तुमच्या पातेल्यात खरोखरच खळ तयार झाली. आल्यात भरपूर पिष्ट असतं. वाटलं की ते रसात उतरतं, आणि रस तापला की फुगून घट्ट होतं. साखरेचा पाक आटून दाट होणं वेगळं, पिष्ट शिजून दाट होणं वेगळं.

उपाय एकच आहे, रस निवळू द्यायचा. एक किलो साफ केलेल्या आल्याचे तुकडे अर्धा लिटर पाण्याबरोबर बारीक वाटा आणि पातळ सुती फडक्यातून पिळून घ्या. कोरियात पाण्याऐवजी तिथल्या रसाळ नाशपातीचा रस घालायचीही पद्धत आहे, त्याने तिखटपणाची धार मऊ होते. पिळलेला रस उभट काचेच्या भांड्यात चार ते सहा तास न हलवता ठेवा. तळाशी पांढरट साका बसेल. बोटाने दाबलात तर तो ओल्या खडूसारखा घट्ट लागतो. भांडं हळूच कलवून वरची निवळ दुसऱ्या पातेल्यात ओता. साक्याची पहिली पांढरी रेघ धारेत दिसली की थांबा. शेवटच्या दोन चमच्यांच्या लोभापायी सगळा रस पुन्हा गढूळ होतो.

ही निवळ जितकी भरेल तितक्याच वजनाची साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. वर येणारा फेस काढत राहा. आटून साधारण निम्मं व्हायला तास-दीड तास लागतो. गरम असताना पाक मधापेक्षा पातळच दिसायला हवा. गरम असतानाच मधाइतका झाला तर गार झाल्यावर चमचा उभा राहील. गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकून बघा: पसरला तर अजून आटवा, न फुटता तळाला गेला की आच बंद.

पाक दाट व्हायला लागल्यावर ढवळत बसू नका, आणि कडेला चिकटलेले साखरेचे कण खाली पाडू नका. नाहीतर आठवड्यात बरणीच्या तळाला खडीसाखर जमते. साखरेचा पाचवा हिस्सा जोछॉंगने, म्हणजे तांदळाच्या दाट कोरियन पाकाने, बदलला की हे टळतं.

प्रश्न: कोरियन कॅफेत मिळते तशी आल्याची लाटे करायला गरम दुधात छॉंग घातलं आणि दूध फाटलं.

कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांना तोडतं आणि साठ अंशांच्या आसपास सगळ्यात जोमाने काम करतं. पिण्याजोगं गरम दूध नेमकं तेवढंच असतं. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात याच गुणावर आल्याच्या रसाने दूध मुद्दाम विरजतात. तुम्हाला ते नको असेल तर दुधासाठी वर सांगितल्यासारखं रस आटवून केलेलं छॉंग वापरा, त्यात एन्झाइम निकामी झालेलं असतं. कच्चं छॉंगच असेल तर लागेल तेवढं चमचाभर पाण्याबरोबर दोन-तीन मिनिटं उकळून मग दुधात घाला.

प्रश्न: दालचिनी आणि लाल सुकं बोर घालतात असं ऐकलं. केव्हा आणि किती?

त्या बोराला तेछू म्हणतात. एक लिटर पाण्याला आठ-दहा पुरेत. बी काढून, मधे चीर देऊन आल्याबरोबरच उकळायला टाका. न चिरलेलं बोर अर्ध्या तासात फारसं काही सोडत नाही. सजावटीसाठी बी काढलेलं बोर घट्ट गुंडाळून आडवं कापतात, छोटं फूल दिसतं, आणि त्याबरोबर तीन-चार चिलगोजे पेल्यात तरंगत सोडतात.

दालचिनीचं मात्र वेगळं आहे. आल्याबरोबर एकाच पातेल्यात उकळली तर दोन्हींचे वास एकमेकांना मारतात, असा कोरियन स्वयंपाकघरांतला अनुभव आहे. म्हणून सुजॉंग्वा या थंड पेयासाठी दोन पातेली लावतात: एकात 100 ग्रॅम आलं, दुसऱ्यात 50 ग्रॅम दालचिनी, प्रत्येकी दीड लिटर पाणी, चाळीस मिनिटं. गाळून एकत्र केल्यावर साधारण 200 ग्रॅम साखर घालून पुन्हा एक उकळी आणतात. गार झाल्यावर त्यात सुकवलेलं पर्सिमॉन हे गोड फळ भिजवतात. आलं जास्त तिखट लागत असेल तर पेसुक करून बघा: नाशपातीच्या फोडींत तीन-तीन काळे मिरे खुपसून त्या आल्याच्या पाण्यात शिजवायच्या. घसा बसलेल्याला याइतकं सुखाचं दुसरं काही नाही, असं आम्ही मनापासून म्हणतो.

प्रश्न: आलं कोणतं घ्यावं? फ्रिजमध्ये ठेवलेलं सुरकुतलं, चालेल का?

कोरियात आलं ऑक्टोबरच्या शेवटापासून, दव गोठायच्या आत काढतात आणि हिवाळ्यासाठी किमची घालायचा हंगामही तेव्हाच असतो, त्यामुळे घरोघरी बरण्या याच सुमारास भरल्या जातात. सॉसान, आनदोंग आणि वानजूमधलं बोंगदोंग ही आल्याची नावाजलेली ठिकाणं. आल्याला बारा-तेरा अंश मानवतात. दहाच्या खाली ते आतून पाणचट होऊन सडतं. बोंगदोंगचे शेतकरी म्हणूनच घराच्या ओन्दोलखाली, म्हणजे चुलीच्या धगीने तापणाऱ्या जमिनीखाली, भुयार खणून बियाण्याचं आलं हिवाळाभर राखत. वानजूच्या या पद्धतीला 2019 मध्ये तिथला राष्ट्रीय कृषी वारसा म्हणून मान मिळाला.

छॉंगसाठी ताजं, कडक, बारीक फाट्यांचं आलं घ्या. मोठं, गुबगुबीत आलं रसाळ असतं पण वासाला सौम्य. सुरकुतलेलं उकळायला चालतं. सुकताना आणि तापताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल हे दुसरं द्रव्य होतं, आणि ते जास्त झणझणीत असतं, म्हणून थोडं कमी घ्या. मऊ पडलेलं किंवा बुरसलेलं आलं कापून उरलेलं वापरू नका, बुरशी आत शिरलेली असते.

प्रश्न: पाक संपला आणि चकत्याच उरल्या. टाकवत नाहीत.

टाकूही नका, त्यांचं प्यॉनगांग, म्हणजे साखरेत घोळलेल्या सुक्या चकत्या, करा. चकत्या अर्धी वाटी पाकासह पसरट पॅनमध्ये मंद आचेवर ठेवा. पाक संपलाच असेल तर चकत्यांच्या निम्म्या वजनाची साखर आणि दोन चमचे पाणी घाला. आधी मोठे बुडबुडे येतील, मग फेस दाट होईल, आणि पॅनच्या कडेला वाळूसारखी पांढरी रेघ दिसेल. त्या क्षणी आच अगदी बारीक करा आणि हात न थांबवता परतत राहा. चिकट गोळा एकदम सुटतो, चकत्या एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि पॅनवर खडखड वाजायला लागतात. आच बंद करूनही मिनिटभर परता, मग ताटात पसरा. छॉंगमध्ये मध, लिंबू किंवा जोछॉंग घातलं असेल तर साखर अशी पांढरी सुटणार नाही. चकत्या चिकटच राहतील, आणि तशाच पेल्यात घालाव्या लागतील.